संगणकापुढून उठताना : लॉगिन सत्र आणि आपली जबाबदारी

(बारवी धरणाच्या परिसरातील पंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपण ज्या विषयाचा विचार करणार आहोत, तो वरवर पाहता अगदी किरकोळ वाटण्यासारखा आहे. शासकीय संकेतस्थळावर काम करावयाचे म्हणजे आपण आपले नाव व पासवर्ड देऊन आत प्रवेश करतो. काम आटोपते, आपण उठतो आणि निघून जातो. आपण गेलो, हे त्या संकेतस्थळाला कळते काय? कळत असल्यास कसे कळते? आणि कळत नसल्यास, आपल्या नावाने उघडे राहिलेले ते दार मधल्या काळात कोणाच्या भरवशावर असते? प्रश्न एवढाच आहे. परंतु ग्रामपंचायतीचा निधी, शाळेतील मुलांच्या नोंदी, शेतकऱ्याचा सातबारा आणि नागरिकांचे दाखले ही सारी कामे आता याच मार्गाने होऊ लागली आहेत. त्यामुळे या लहानशा प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आपण ज्या ठिकाणी जमलो आहोत, तेथूनच या विषयाकडे वळणे सोयीचे होईल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेले हे बारवी धरण टप्प्याटप्प्याने उंच करण्यात आले आणि वाढीव उंचीनिशी ते २०१९ च्या पावसाळ्यात प्रथमच पूर्ण भरले. अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातील कारखान्यांची व नागरी वस्तीची तहान ते भागविते. या धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ७२.६० मीटरच्या पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. कोणी जाऊन कळ दाबण्याची वाट पाहत नाहीत. म्हणूनच पातळी वाढू लागली की अस्नोली, चांदप, पिंपळोली, सागाव, चोण, राहटोली अशा नदीकाठच्या गावांना आगाऊ सावध करण्यात येते.

या व्यवस्थेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ज्या गोष्टीवर दरवाजाचे उघडणे अवलंबून आहे, ती पाण्याची पातळी प्रत्यक्ष मोजता येते. दुसरी अशी की, आपोआप घडणाऱ्या गोष्टीचा ज्यांना फटका बसू शकतो, त्यांना आधी कळविले जाते. संकेतस्थळाचे दारही असेच आपोआप बंद होणारे असते. मात्र त्याची मोठी अडचण ही की, जे मोजावयाचे तेच त्याला दिसत नाही. माणूस संगणकापुढे बसला आहे की उठून गेला आहे, हे पाहणारा डोळा दूरच्या सर्व्हरला नाही. आणि आधी कळविण्याची रीत तर पुष्कळ ठिकाणी पाळलीच जात नाही.

विसराळू कारकून आणि पितळी बिल्ला

हे असे का, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आज आपण ज्याला वेब म्हणतो, त्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत मांडली. मूळ हेतू संशोधकांना एकमेकांची कागदपत्रे पाहता यावीत, एवढाच होता. त्यामुळे रचना अगदी साधी ठेवण्यात आली. आपल्या संगणकाने एक पान मागावयाचे, सर्व्हरने ते द्यावयाचे आणि व्यवहार तेथेच संपवावयाचा. पुढची मागणी आली की ती सर्वस्वी नवी. खिडकीत बसलेला कारकून प्रत्येक माणसाला पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा वागतो, तसा हा प्रकार होता.

कागदपत्रे वाचण्यापुरते हे ठीक होते. पण खरेदी, बँकव्यवहार, अर्ज असली कामे सुरू करावयाची तर मघाचा माणूस तोच हा, हे ओळखणे भाग होते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी यावर ‘कुकी’ नावाचा उपाय काढला. बँकेत पैसे काढताना पूर्वी पितळी बिल्ला देत असत, ते आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कागद आत जाई, आपण बाकावर बसून राहत असू आणि क्रमांक पुकारला की बिल्ला दाखवून रोकड घेत असू. कुकी हा तसाच बिल्ला होय. आपण पासवर्ड दिला की सर्व्हर आपल्या ब्राउझरला एक लांबलचक, कोणाला अंदाज करता येऊ नये असा क्रमांक देतो. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर तो दाखवितो आणि सर्व्हर आपल्या वहीत पाहून ओळख पटवितो. बिल्ला दिल्यापासून तो रद्द होईपर्यंतचा जो काळ, त्यालाच लॉगिन सत्र असे म्हणतात.

येथे एक मर्म आहे. खिडकीतला कारकून बिल्ला ओळखतो, चेहरा ओळखत नाही. बिल्ला दुसऱ्याच्या हाती गेला तर त्याच्या दृष्टीने तो दुसराच आपण होतो. २०१० साली एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रामरने फायरशीप नावाचे एक छोटे साधन प्रसिद्ध करून हे जगाला दाखवून दिले. उघड्या वाय-फायवर कोणाच्याही कुकी वाटेत टिपून त्याच्या नावाने वावरता येते, हे त्याने सप्रमाण सिद्ध केले. त्यानंतर मोठमोठ्या संकेतस्थळांनी सर्व व्यवहार सांकेतिक रूपात पाठविण्याची घाई केली. पत्त्याच्या आरंभी दिसणारी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे त्याच व्यवस्थेची खूण होत. वाटेतील चोरीचा बंदोबस्त अशा रीतीने बराचसा झाला. परंतु बिल्ला आपणच टेबलावर टाकून उठलो, तर त्याला ती व्यवस्था काय करणार?

गेल्याची वार्ता

कार्यालयांतून हालचाल नोंदवही असते. बाहेर जाणारा कर्मचारी तीत वेळ व कारण लिहितो. त्याने लिहिले तर तो गेल्याचे कळते. न लिहिता गेला तर त्याची खुर्ची रिकामी दिसते, एवढेच. संकेतस्थळाला तर खुर्चीही दिसत नाही. माणूस संकेतस्थळावरून निघून जातो त्याचे तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार, तो ‘बाहेर पडा’ किंवा ‘लॉगआऊट’ ही कळ दाबतो. नोंदवहीत सही करून जाण्यासारखा हा स्वच्छ मार्ग आहे. सर्व्हर त्याच क्षणी बिल्ला रद्द करतो. निदान त्याने करावयास हवा. काही ठिकाणी ही कळ दाबल्यावर केवळ प्रवेशाचे पान दिसते, पण सर्व्हरच्या वहीतील क्रमांक तसाच जिवंत राहतो. संकेतस्थळ करवून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी याची मुद्दाम तपासणी करून घ्यावी.

दुसरा प्रकार, तो पान किंवा ब्राउझर बंद करून टाकतो. अशा वेळी ब्राउझर जाता जाता एक निरोप पाठवू शकतो. पान बंद होताना संदेश पाठविण्याची जुनी सोय आहे. पण ती भरवशाची नाही, असा अनुभव आला. विशेषतः मोबाइलवर माणूस दुसरे काही उघडतो आणि मागे राहिलेले पान फोन स्वतःच गुपचूप संपवितो. निरोप पाठविण्याची संधीच मिळत नाही. म्हणून अलीकडे ‘पान दृष्टीआड झाले’ या घटनेवर लक्ष ठेवण्याचा आणि त्या क्षणी एक लहानसा निरोप सोडून देण्याचा मार्ग अधिक चांगला मानला जातो.

परंतु दृष्टीआड होणे म्हणजे निघून जाणे नव्हे. समजा, एखादी भगिनी मोबाइलवर उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरीत आहे. फोनवर ओटीपी आला. तो पाहण्यासाठी ती संदेशांच्या पानावर गेली. अर्जाचे पान दृष्टीआड झाले. संकेतस्थळाने तेवढ्यावरून ती निघून गेली असे धरले, तर ओटीपी घेऊन परत येताच तिला दार बंद दिसेल. संकेतस्थळानेच मागितलेली गोष्ट आणावयास ती गेली होती, आणि तिच्याच तोंडावर दार लावण्यात आले, असा हा न्याय होईल. आपल्याकडे संकेतस्थळाचा वापर करणाऱ्यांपैकी पुष्कळांजवळ मोबाइल हेच एकमेव साधन आहे, हे लक्षात घेता असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. अशा निरोपाचा उपयोग अर्धवट भरलेला मजकूर जपून ठेवण्यासाठी करावा. माणसाला बाहेर काढण्यासाठी करू नये.

ब्राउझर बंद केला की सत्र आपोआप संपते, ही समजूतही पूर्णपणे खरी नाही. काही कुकी ब्राउझर बंद होताच नाहीशा व्हाव्यात अशी योजना असते, हे खरे. परंतु ‘जेथे थांबलो तेथून पुढे चालू’ अशी सोय चालू ठेवलेली असेल, तर ब्राउझर पुन्हा उघडताच त्या कुकीही परत येतात. म्हणजे दार ओढून घेतले खरे, पण कडी लागली नाही.

तिसरा प्रकार सर्वांत साधा आणि सर्वांत अवघड. माणूस काहीच न करता उठून जातो. वीज जाते. डोंगराआड फोनची रेंज तुटते. सरपंच बाहेर कोणी बोलावले म्हणून जातात आणि तेथूनच तालुक्याला निघतात. या सर्व वेळी सर्व्हरपर्यंत पोहोचते ते केवळ मौन. वीज गेलेल्या संगणकाचे मौन, विचार करीत बसलेल्या गुरुजींचे मौन आणि निघून गेलेल्या माणसाचे मौन, ही तिन्ही त्याला अगदी सारखीच भासतात.

मौनाची मोजणी

यावर उपाय म्हणून सर्व्हर काळ मोजतो. शेवटची मागणी आल्यापासून ठरावीक मिनिटांत दुसरी आली नाही, तर माणूस गेला असे गृहीत धरून तो बिल्ला रद्द करतो. या मर्यादेला निष्क्रियतेची मर्यादा म्हणता येईल. दुसरी एक एकूण मर्यादा असते. काम अखंड चालू असले तरी ठरावीक तासांनंतर पुन्हा पासवर्ड मागावयाचा, असा तिचा अर्थ.

काही संकेतस्थळांनी आणखी एक युक्ती योजली आहे. उघडे असलेले पान दर थोड्या वेळाने ‘मी आहे’ असा निरोप सर्व्हरला आपोआप पाठविते. वरकरणी ही युक्ती चांगली वाटते. पण निरोप पाठविते ते पान; माणूस नव्हे. कार्यालयाला कुलूप लागले आणि संगणक तसाच चालू राहिला, तर ते पान रात्रभर ‘मी आहे, मी आहे’ असे सांगत राहील आणि सत्र सकाळपर्यंत जिवंत राहील. शाळेत मित्राच्या नावाने ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलाची हजेरी शिक्षक लावीत नाहीत. सत्राचे आयुष्य वाढवावयाचे ते कळफलक किंवा माऊस प्रत्यक्ष हलल्याच्या आधारावरच वाढवावे, असा दंडक असणे इष्ट आहे.

मग ही मर्यादा किती मिनिटांची असावी? संकेतस्थळांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या ओवास्प या आंतरराष्ट्रीय संस्थेने यासंबंधी सर्वसाधारण प्रमाण सुचविले आहे. जेथे मोठे आर्थिक वा तत्सम मोलाचे व्यवहार होतात तेथे २ ते ५ मिनिटे, आणि जेथे धोका कमी आहे तेथे १५ ते ३० मिनिटे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मध्यम सुरक्षा-स्तरासाठी ३० मिनिटांची निष्क्रियता आणि १२ तासांची एकूण मर्यादा सांगितली होती. सर्वोच्च स्तरासाठी निष्क्रियतेची मर्यादा १५ मिनिटांवर आणली होती.

खेदाची बाब अशी की, पुष्कळ ठिकाणी ही मर्यादा कोणी विचारपूर्वक ठरविलेलीच नसते. पीएचपी ही संकेतस्थळे तयार करण्याची एक अतिशय प्रचलित भाषा आहे. तीत सत्राची माहिती १४४० सेकंदांनंतर, म्हणजे २४ मिनिटांनी, टाकाऊ समजावी अशी मूळचीच मांडणी असते. संकेतस्थळ उभारणाऱ्याने ती बदलली नाही, तर निधी वाटपाचे काम असो की तक्रारीचा अर्ज, सर्वांना तीच २४ मिनिटे लागू होतात. ज्यांच्या कामावर या आकड्याचा परिणाम होतो, त्यांना तो कोणी विचारलेला नसतो.

दोन्हीकडचे नुकसान

मर्यादा फार तोकडी ठेवली तर काय होते? धरणाखाली जमीन गेलेला एखादा शेतकरी आपल्या मुलासाठी प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याचा अर्ज भरावयास बसला आहे, अशी कल्पना करा. पिशवीतून एकेक कागद काढून तो वाचून दाखवितो आहे. जुना गट क्रमांक शोधण्यात दहा मिनिटे जातात. कागदाचे छायाचित्र चढविताना रेंज तुटते. शेवटी ‘सादर करा’ ही कळ दाबावी, तर पडद्यावर ‘आपले सत्र समाप्त झाले आहे’ एवढेच वाक्य उमटते आणि भरलेला सर्व अर्ज पुसला जातो. नियम संरक्षणासाठी होता हे खरे; पण त्या माणसाची सबंध दुपार गेली, आणि कदाचित रोजगारही बुडाला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. परंतु ती मुदत परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. जो अर्ज पडद्यावरच पुसला गेला, त्याची मुदत कधी सुरूच होत नाही.

यावर मार्ग आहेत. वेबचा वापर सर्वांना, विशेषतः अपंग व्यक्तींना, सुलभ व्हावा म्हणून जी आंतरराष्ट्रीय मानके ठरली आहेत, त्यांत असे सांगितले आहे की, काळाची मर्यादा असेल तर ती संपण्यापूर्वी सूचना द्यावी. निदान २० सेकंदांचा अवधी देऊन एका साध्या क्रियेने मर्यादा वाढविता यावी. आणि अशी वाढ निदान दहा वेळा घेता यावी. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, तीही याच मानकांवर आधारलेली आहेत. नदीकाठच्या गावांना विसर्गाची आगाऊ वर्दी देतात, त्याच जातीची ही वर्दी आहे. दुसरा मार्ग म्हणजे भरलेला मजकूर वेळोवेळी मसुदा म्हणून साठवून ठेवणे. सत्र संपले तरी पुन्हा प्रवेश करताच अर्ज होता तेथून पुढे चालू व्हावा. २०२१ साली राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये शेतकऱ्याला बांधावर रेंज नसतानाही माहिती भरून ठेवता येते व रेंज मिळाल्यावर ती पुढे पाठविता येते. रेंजची अडचण गृहीत धरून रचना करता येते, याचे हे आपल्याच राज्यातील उदाहरण आहे.

आता दुसरी बाजू पाहू. मर्यादा फार सैल ठेवली, किंवा आपणच सत्र उघडे टाकून उठलो, तर जे नुकसान संभवते ते एका अर्जापुरते नसते. २४ एप्रिल २०२० रोजी, राष्ट्रीय पंचायत राज दिनी, ई-ग्रामस्वराज हे पोर्टल सुरू झाले. पंचायतीचा आराखडा, हिशेब व देयके त्यावर येऊ लागली. वित्त आयोगाच्या निधीतील रक्कम देताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. ही स्वाक्षरी एका लहानशा यूएसबी टोकनमध्ये असते आणि ते टोकन एका पिन क्रमांकाने उघडते.

दोन स्वाक्षऱ्यांची ही योजना नवी नाही. कोषागारातील दुहेरी कुलपाची पद्धत आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. एक किल्ली एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे; दोघे आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. परंतु दोन्ही टोकन एकाच खणात, दोन्ही पिन एकाच वहीच्या मागच्या पानावर, आणि दोन्ही लॉगिन एकाच संगणक चालकाच्या हाती असतील, तर तेथे दुहेरी कुलूप राहिले कोठे? कुलपे दोन, पण किल्ल्यांचा जुडगा एकच, अशी ती स्थिती होते. चालक कितीही प्रामाणिक असो, ही व्यवस्था त्याच्यावरही अन्याय करते. उद्या काही विपरीत घडले तर संशयाची पहिली सुई त्याच्याकडे वळेल, आणि स्वाक्षरी मात्र सरपंचांची असेल.

कायद्याची दृष्टी याबाबत स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ अन्वये, डिजिटल स्वाक्षरीची खासगी किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणे हे स्वाक्षरीधारकाचे कर्तव्य आहे. ती दुसऱ्याच्या हाती पडल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळविले पाहिजे. कळविले जाईपर्यंत जबाबदारी धारकाचीच राहते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास कलम ६६-क अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे गैरवापर करणारा दोषी ठरतोच. पण ज्याने टोकन संगणकाला तसेच लावून ठेवले, त्यालाही हात झटकून मोकळे होता येत नाही. पूर्वी पंचायतीचा शिक्का कपाटात ठेवून कुलूप लावल्याशिवाय कोणी घरी जात नसे. उघडे सत्र आणि लावलेले टोकन हा आजचा शिक्काच आहे.

शिक्षक बंधू-भगिनींच्या बाबतीत पैशाचा प्रश्न तितकासा नसेल. पण मुलांचा आहे. ‘सरल’ आणि ‘यू-डायस प्लस’ यांवर मुलाचे नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, पालकांची माहिती अशा नोंदी भराव्या लागतात. शाळेत सोय नसली की हे काम बाजारातल्या एखाद्या संगणक केंद्रावर बसून केले जाते. तेथे आपल्यानंतर त्याच खुर्चीत कोण बसणार, हे आपल्याला ठाऊक नसते. शाळेची नोंदवही आपण रस्त्यावरच्या दुकानात उघडी ठेवून कधी आलो नसतो. मग लॉगआऊट न करता केंद्रातून उठणे म्हणजे दुसरे काय?

कोणी काय करावे

या सर्व विवेचनाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे, की माणूस गेला हे यंत्राला कळत नाही, त्याला फक्त अंदाज करता येतो. म्हणून अंदाजाचे काम यंत्राने करावे आणि गेल्याची खबर माणसाने द्यावी. त्या दृष्टीने प्रत्येकाकडे थोडे थोडे काम येते.

अधिकाऱ्यांनी आपल्या खात्याचे संकेतस्थळ तयार करवून घेताना किंवा त्यात सुधारणा करताना चार गोष्टी लेखी मागाव्यात. निष्क्रियतेची मर्यादा किती व ती कोणत्या कारणाने ठरविली, हे नमूद असावे. मर्यादा संपण्यापूर्वी मराठीत सूचना मिळावी आणि एका कळीने ती वाढविता यावी. भरलेला मजकूर आपोआप जतन व्हावा. लॉगआऊट केल्यावर सर्व्हरवरील सत्र खरोखर रद्द होते, याची चाचणी घेतलेली असावी. यांखेरीज, नागरिकाचा अर्ज आणि अधिकाऱ्याची मंजुरी यांना एकच मर्यादा लावण्याचे कारण नाही. अर्जदाराला सवड द्यावी. मंजुरीच्या आणि पैशाच्या पानावर मात्र कडक राहावे, आणि अंतिम स्वाक्षरीपूर्वी पुन्हा एकदा ओळख मागावी. तसेच प्रवेश करताच ‘आपण यापूर्वी अमुक दिवशी अमुक वेळी आला होता’ अशी ओळ पडद्यावर दाखवावी. ज्या वेळी आपण घरी झोपलो होतो ती वेळ तेथे दिसली, तर माणूस आपसूकच जागा होईल.

पंचायत सदस्यांनी मासिक सभेत हा विषय एकदा घ्यावा. प्रत्येक काम करणाऱ्याचे लॉगिन स्वतंत्र असावे. टोकन ज्याचे त्याच्याच ताब्यात राहावे आणि पिन कोठेही लिहून ठेवू नये. सरपंच बदलले, चालक सोडून गेला किंवा अधिकाऱ्यांची बदली झाली, की कार्यभाराच्या यादीत चाव्या व दप्तराबरोबर जुने लॉगिन बंद केल्याची आणि पासवर्ड बदलल्याची नोंद असावी. खुर्चीतून उठल्यावर काही काळाने संगणकाच्या पडद्याला आपोआप कुलूप लागेल, अशी सोय प्रत्येक संगणकात असते. ती चालू करण्यास एक पैसाही लागत नाही.

शिक्षकांनी आणि सेवा केंद्रांतील कार्यकर्त्यांनी सार्वजनिक संगणकावर ‘पासवर्ड लक्षात ठेवू का?’ या प्रश्नाला नेहमी नकार द्यावा, शक्य असेल तेथे खासगी खिडकीत काम करावे, आणि काम संपताच आधी लॉगआऊट, मग ब्राउझर बंद, मग टोकन बाहेर, हा क्रम अंगवळणी पाडावा. दाखला घेण्यास आलेल्या नागरिकाच्या नावाने सत्र उघडले असेल, तर ते त्याच्या डोळ्यांदेखत बंद करावे. ‘झाले, तुमचे खाते बंद केले’ हे पाच शब्द त्याला सांगावेत. असे केल्याने त्यालाही ही सवय लागेल आणि पुढच्या वेळी तो स्वतःहून विचारील. लोकशिक्षण म्हणतात ते बहुधा अशाच लहान लहान वाक्यांतून होत असते.

नदीकाठच्या गावांना धरणाच्या दाराचे मोल कोणी समजावून सांगावयास नको. पाणी किती आहे यापेक्षा दार केव्हा उघडते, केव्हा बंद होते आणि त्याची वर्दी कोणाला मिळते, यावर काठचे जीवन अवलंबून असते, हे ती प्रत्येक पावसाळ्यात अनुभवतात. पंचायतीच्या दप्तराला आता तसेच एक दार आले आहे. ते आपोआप बंद होईल खरे. पण त्याला लागणाऱ्या त्या दहा, वीस किंवा चोवीस मिनिटांत आत कोण शिरले, याचा जाब शेवटी त्याच नावाला द्यावा लागेल, ज्या नावाने ते उघडले गेले होते. तेव्हा या वर्गातून आपापल्या कार्यालयात परतल्यावर, उद्या सकाळी कामाला आरंभ करण्यापूर्वी, काल सायंकाळी आपण दार लावून गेलो होतो की नाही, एवढे प्रत्येकाने पाहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.